गावानं मिळून घेतलेला माल खराब निघाला, तर पैसे परत कसे मिळवायचे

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात आगोटीच्या तयारीत ताडपत्रीशिवाय कुणाचं चालत नाही. गोठ्याचं छप्पर, जळणाची रास, गवताची गंजी, सगळं तिच्याच भरवशावर असतं. आमच्या गावातल्या ४८ घरांनी पैसे गोळा केले आणि एकाच खेपेत ४८ ताडपत्र्या मागवल्या. माप २० बाय ३० फूट, नगाला २,४०० रुपये, एकूण १,१५,२०० रुपये. विकणारा कोल्हापूरकडचा घाऊक व्यापारी होता. त्यानं हातभर तुकडा नमुना म्हणून दाखवला, २५० जीएसएम वजन सांगितलं आणि माल टेम्पोनं गावात आणून टाकला.

मृगाचे दोन जोराचे पाऊस झाले आणि घडीच्या रेषांवरचा पापुद्रा सुटायला लागला. नखानं खरवडलं की वरचा पातळ थर साल निघावी तसा निघायचा आणि खालची विणलेली पट्टी उघडी पडायची. त्यातून पाणी थेंबथेंब नव्हे, चाळणीतून यावं तसं खाली यायचं. एका घरात वर्षाचं गवत भिजून काळं पडलं. त्या घरातल्या काकू गंजीत हात घालून आतली ऊब दाखवत होत्या. गवत आतून कुजायला लागलं होतं.

पैसे परत मिळाले, पण आठ महिने लागले. त्यातले किमान तीन महिने आमच्याच चुकांपायी गेले. पुढच्या गावाचे ते तीन महिने वाचावेत म्हणून हे सगळं तपशिलानं लिहितो आहे. ताडपत्रीच्या जागी गल्लीतल्या मंडळाच्या खुर्च्या असोत, महिला संघानं घेतलेले कुकर असोत नाहीतर सोलर दिवे, वाट हीच आहे.

आधी मोजा, मग बोला

माल खराब आहे हे कळलं की पहिला फोन व्यापाऱ्याला जातो. आम्हीही तेच केलं. तो म्हणाला, "तुम्ही ओढून बांधली असेल." आमच्या हातात सांगायला काहीच नव्हतं. म्हणून फोनच्या आधी मोजमाप करून घ्या.

ताडपत्रीचा जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन. ते घरच्या घरी काढता येतं. २० बाय ३० म्हणजे ६०० चौरस फूट. एका चौरस मीटरमध्ये १०.७६ चौरस फूट असतात, म्हणजे साधारण ५५.७६ चौरस मीटर. २५० जीएसएमच्या हिशेबानं एक नग सुमारे १३ किलो ९०० ग्रॅम भरायला हवा. आम्ही कोरड्या, न वापरलेल्या ताडपत्र्या दूध डेअरीच्या काट्यावर ठेवल्या. भरल्या १० किलो २०० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे १८३ जीएसएम. काठाची शिवण आणि लोखंडी डोळे धरूनही एवढंच. प्रत्येक नगाचा काट्यावरचा आकडा दिसेल असा फोटो काढला. त्या दिवसापासून व्यापाऱ्याची भाषा बदलली.

प्रत्येक वस्तूची अशी एक सोपी चाचणी असते. घरगुती प्रेशर कुकर असेल तर त्यावर आयएसआय चिन्ह आणि त्याच्यासोबत सीएम/एल हा परवाना क्रमांक हवा. तो क्रमांक 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकला की परवाना कुणाचा आणि चालू आहे की नाही ते दिसतं. खोटं चिन्ह असेल तर त्याच ॲपवरून तक्रारही करता येते. पाकीटबंद वस्तूवर उत्पादकाचं नाव-पत्ता, वजन किंवा संख्या, किंमत, बनवल्याचा महिना-वर्ष आणि तक्रारीसाठीचा संपर्क छापलेला असावा लागतो. यातलं काही नसेल तर फोटो काढून ठेवा.

दोन-तीन नग अजिबात न वापरता, गठ्ठा न सोडता बाजूला काढा. त्यावर कापड शिवून पाच जणांच्या सह्या घ्या आणि तारीख घाला. पुढं तपासणीची वेळ आली तर हेच उपयोगी पडतात. व्यापाऱ्यानं दाखवलेला नमुन्याचा तुकडा सापडला तर तो सोन्यासारखा जपा. आमचा तुकडा एका पोरानं सायकलच्या सीटवर बांधला होता, तिथून तो सोडवून आणला.

फुटू नका

सगळ्या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही आहे.

आमच्यातल्या पाच जणांनी, जे जरा मोठ्यानं बोलणारे होते, व्यापाऱ्याला परस्पर गाठलं. त्यानं लगेच त्यांच्या पाच ताडपत्र्या बदलून दिल्या. पाच जण गप्प झाले. राहिलेल्या ४३ घरांना त्यानं पुढं लेखी उत्तर दिलं: "तक्रार आलेले सर्व नग आम्ही बदलून दिले आहेत." बदलून दिल्याची पाच जणांची सही त्याच्याकडं होती. ही व्यापाऱ्यांची जुनी रीत आहे. ज्याचा आवाज मोठा त्याचं तोंड बंद करायचं. मागं राहतात त्या विधवा बाया, म्हातारी माणसं आणि शेतात असल्यामुळं बैठकीला न आलेली घरं.

म्हणून पहिल्या आठवड्यात देवळात किंवा शाळेत बसा आणि एक साधा ठराव लिहा. माल सगळ्यांनी मिळून घेतला, सगळ्यांचा निकाल एकदम लागेल, कुणी परस्पर माल बदलून किंवा पैसे घेणार नाही, बोलणी अमुक तीन जण करतील. त्या तिघांत एक बाई असू द्या. ज्या घरांनी पैसे दिले त्या सगळ्यांची यादी करा. त्यात नाव, दिलेली रक्कम, रोख की फोनवरून, आलेला नग, त्यातला दोष, झालेलं नुकसान आणि सही किंवा अंगठा हे रकाने ठेवा. ही यादीच पुढं तक्रारीचा कणा होते.

कागद

आमच्याकडं होती फक्त कच्ची पावती, तीही ज्यानं टेम्पो ठरवला त्याच्या नावावर. पक्कं जीएसटी बिल मागायला दोन महिने गेले. मागताना फोनवर मागू नका, मेसेजवर मागा. तो 'देतो' म्हणाला तरी विक्री झाल्याचा पुरावा तयार होतो.

बिल आलं की त्यावरचा जीएसटी क्रमांक पाहा. पहिले दोन आकडे राज्याचे असतात: २७ महाराष्ट्र, २९ कर्नाटक, ३० गोवा. आपल्या सीमाभागात दुकान एका राज्यात, गोदाम दुसऱ्यात, असं हमखास असतं, आणि नोटीस कोणत्या राज्यात पाठवायची ते या दोन आकड्यांवरून कळतं.

फोनवरून दिलेल्या पैशांचे स्क्रीनशॉट, बँकेचं पासबुक, व्हॉट्सॲपवरचं बोलणं, व्यापाऱ्यानं टाकलेली जाहिरात, टेम्पोचं भाडं दिल्याची चिठ्ठी, सगळं एका फायलीत घाला. व्हॉट्सॲपच्या छापील प्रतीसोबत भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडतात. वकील किंवा नोटरीकडं त्याचा नमुना मिळतो. मूळ मेसेज मात्र फोनमधून पुसू नका. फोन बदलायचा असेल तर आधी ते सांभाळा.

लेखी नकार

आम्ही जून आणि जुलै फोनवर घालवले. कायद्याच्या नजरेत त्या फोनांना जवळजवळ किंमत नाही. वस्तू विक्री कायदा १९३० मधल्या तीन गोष्टी प्रत्येक खरेदीदाराला माहीत हव्यात. कलम १७ सांगतं की नमुना दाखवून माल विकला, तर आलेला सगळा माल नमुन्याबरहुकूम हवा. कलम ४२ सांगतं की वाजवी वेळ उलटून गेला आणि माल नाकारल्याचं कळवलं नाही, तर तो स्वीकारला असं धरलं जातं. आणि कलम ४३ प्रमाणे, वेगळं काही ठरलेलं नसेल तर नाकारलेला माल परत पोचवण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर नसते, नाकारल्याचं कळवलं की पुरे. "आधी माल दुकानात आणून टाका, मग बघू" असं कुणी म्हणालं तर हे तिसरं कलम दाखवा. आणून टाकलात की पुरावाच हातातून जातो.

आमचं पत्र असं होतं, हवं तर हेच वापरा:

"आपल्याकडून दि. … रोजी बिल क्र. … अन्वये आम्ही गावकऱ्यांनी मिळून ४८ ताडपत्र्या, प्रत्येकी २,४०० रुपयांस खरेदी केल्या. आपण नमुना दाखवून माल २५० जीएसएमचा असल्याचे सांगितले होते. न वापरलेल्या नगांचे वजन केले असता ते सुमारे १८३ जीएसएम भरते. घडीवर थर सुटून पाणी गळते. सोबतच्या यादीतील ४३ नग आम्ही नाकारत आहोत. माल गावात सुरक्षित ठेवला आहे, आपण येऊन पाहावा व घेऊन जावा. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत १,०३,२०० रुपये परत करावेत, अन्यथा ग्राहक आयोगाकडे दाद मागावी लागेल. यादीबाहेरील कोणाशीही केलेली तडजोड आम्हांस बंधनकारक नाही."

शेवटचं वाक्य आम्ही चूक केल्यावर घातलं. तुम्ही पहिल्याच पत्रात घाला. पत्र पोचपावतीसह स्पीड पोस्टनं पाठवा, तेच व्हॉट्सॲप आणि ईमेलवरही. उत्पादकाचं नाव कळलं असेल तर त्यालाही एक प्रत द्या. व्यापारी कोल्हापूर-सांगलीकडचा असेल तर पत्र मराठीत चालतं. कंपनी बेंगळूरची असेल तर इंग्रजी किंवा कन्नडमध्ये लिहा. आमचा मजकूर एका बारावीच्या मुलीनं कन्नडमध्ये करून दिला. आपली मुलं शाळेत कन्नड शिकतात, त्यांना या कामात घ्या. कागद कन्नडमध्ये आहे म्हणून मागं सरणारी माणसं मी खूप पाहिली आहेत आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. हक्क आपला असतो, अडतं फक्त वाचायला.

तुम्ही 'ग्राहक' आहात का?

प्रकरण ग्राहक आयोगात, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारींच्या कोर्टात, गेलं की व्यापाऱ्याचा वकील पहिला घाव इथंच घालतो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे, पुन्हा विकण्यासाठी किंवा व्यापारी कामासाठी माल घेणारा ग्राहक धरला जात नाही. स्वतःच्या कष्टावर पोट भरण्यासाठी वापरणारा मात्र ग्राहकच. म्हणजे शेतकऱ्याची ताडपत्री यात बसते.

अडचण येते ती गोळा करणाऱ्याची. एखाद्यानं व्यापाऱ्याला नगाला २,४०० दिले आणि गावाकडून २,५०० घेतले, तर तो विक्रेता ठरू शकतो. शंभर रुपये भाड्याचे असतील तर यादीत तसं वेगळं लिहा. बिल एकाच्याच नावावर असलं तरी बिघडत नाही, कारण घेणाऱ्याच्या संमतीनं वस्तू वापरणाराही कायद्यानं ग्राहक असतो. म्हणून तक्रार घराघरांच्या नावानं करा. नोंदणी नसलेला गट आणि सहकारी संस्था यांनाही कायदा 'व्यक्ती' मानतो. देवस्थानाच्या किंवा शाळेच्या ट्रस्टनं मात्र आधी वकिलाचा सल्ला घ्यावा. जुन्या १९८६ च्या कायद्याखाली २०१७ साली सर्वोच्च न्यायालयानं ट्रस्टला तक्रारदार म्हणून नाकारलं होतं.

आयोगाच्या आधी एक फोन

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. पैसे लागत नाहीत. तक्रार नोंदवली की क्रमांक मिळतो आणि ते कंपनीशी बोलतात. मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत प्रकरण इथंच मिटू शकतं. छोट्या व्यापाऱ्यावर फारसा परिणाम होईलच असं नाही, पण नोंद राहते. पंधरा दिवसांपलीकडं त्याच्यावर विसंबून बसू नका.

जिल्हा आयोगात तक्रार

सीमाभागातल्या आपल्या माणसांसाठी २०१९ च्या कायद्यानं फार मोठं काम केलं. पूर्वी तक्रार विकणाऱ्याच्या गावी किंवा व्यवहार झाला तिथं करावी लागे. आता कलम ३४ प्रमाणे तक्रारदार जिथं राहतो किंवा काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगातही ती करता येते. माल कोल्हापूरचा असो नाहीतर मडगावचा, खानापूर, निपाणी, चिक्कोडीच्या माणसाला बेळगावचा जिल्हा ग्राहक आयोग चालतो.

मोजली जाते ती दिलेली किंमत. ५० लाखांपर्यंतची प्रकरणं जिल्हा आयोगाकडं. किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, त्यापुढं १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४०० आणि ५० लाखांपर्यंत १,०००. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. उशीर झाला तर सबळ कारण द्यावं लागतं.

तक्रार कुणाकुणाच्या नावानं करायची यावर आमच्यात बराच वाद झाला. कलम ३५(१)(ग) प्रमाणे एकसारखं हित असलेल्या सगळ्यांच्या वतीनं काही जण तक्रार करू शकतात, पण त्याला आयोगाची परवानगी लागते आणि बाकीच्यांना कळावं म्हणून नोटीस काढावी लागते. दुसरी वाट सोपी आहे. जेवढे आहेत तेवढ्यांनी आपापल्या नावानं एकच संयुक्त तक्रार करायची. बेंगळूरच्या फ्लॅटधारकांच्या प्रकरणात डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा फरक स्पष्ट केला आणि काही ग्राहकांनी मिळून अशी तक्रार करायला आडकाठी नाही असं सांगितलं. गावाची संख्या चाळीस-पन्नास असेल, सगळ्यांची नावं हातात असतील, तर माझ्या मते संयुक्त तक्रारच बरी. सगळ्यांच्या सह्या घ्या आणि पुढं उभं राहण्यासाठी दोघांना अधिकारपत्र द्या.

तक्रार कन्नड किंवा इंग्रजीत तयार करा आणि मराठी ठराव, यादी, मेसेज यांचं भाषांतर जोडा. सोबत शपथपत्र, कागदांची अनुक्रमणिका, आयोगासाठीचे संच आणि प्रत्येक विरुद्ध पक्षासाठी एक संच. ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइनही दाखल करता येते. वकील सक्तीचा नाही. हवा असेल तर बेळगावच्या कोर्ट आवारात जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाकडं जा किंवा १५१०० ला फोन लावा. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना तिथं उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. आमच्या यादीत एकवीस नावं बायकांची होती, त्यामुळं हा प्रश्न सुटला.

विरुद्ध पक्षात विकणारा आणि बनवणारा, दोघांनाही घाला. मालावर बनवणाऱ्याचं नावच नसेल तर घाबरू नका. उत्पादक कोण हे कळत नसेल तर सदोष मालामुळं झालेल्या नुकसानीची जबाबदारी विकणाऱ्यावर टाकता येते. मागणीत किंमत परत, त्यावर व्याज, प्रत्यक्ष नुकसान आणि तक्रारीचा खर्च मागा. भिजलेल्या गवताचा आकडा फुगवू नका. फोटो, दोन शेजाऱ्यांची सही असलेला पंचनामा आणि गवताचा त्या वेळचा भाव एवढं जोडा. फुगवलेल्या एका आकड्यामुळं खऱ्या बेचाळीस आकड्यांवर संशय येतो.

पुढं काय होतं

तक्रार दाखल करून घेतल्यावर २१ दिवसांत तिची प्रत समोरच्याला जाते. त्याला उत्तराला ३० दिवस, फार तर आणखी १५. हे ४५ दिवस पक्के आहेत, असा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा मार्च २०२० चा निकाल आहे. त्यानंतर आलेलं उत्तर घेऊ नये असं तुम्ही आयोगाला सांगू शकता. दोष नुसत्या पाहण्यानं कळत नसेल तर आयोग नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवतो. खर्च आधी तक्रारदाराला भरावा लागतो, म्हणून गावात थोडी वर्गणी राखून ठेवा. प्लॅस्टिकच्या वस्तूंसाठी केंद्र सरकारच्या सिपेट संस्थेचं केंद्र म्हैसूरला आहे. कायद्यात निकालासाठी तीन महिने आणि तपासणी असेल तर पाच महिने लिहिले आहेत. प्रत्यक्षात जास्त लागतात हे धरून चला. दर तारखेला सगळ्या गावानं जायची गरज नसते. व्हिडिओवरून सुनावणीसाठी अर्ज करता येतो.

बियाण्यांचं एक वेगळं सांगतो, कारण आपल्याकडं सोयाबीनची गावंच्या गावं एका वाणाची पेरणी करतात. उगवण झाली नाही तर त्याच आठवड्यात कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात लेखी अर्ज देऊन शेताची पाहणी करून घ्या, कारण दुबार पेरणी केली की पुरावा मातीत जातो. रिकामी पिशवी आणि तिचं लेबल जपा. "तपासायला बियाणं शिल्लक का ठेवलं नाही" हा कंपन्यांचा नेहमीचा बचाव सर्वोच्च न्यायालयानं २०१२ साली मधुसूदन रेड्डी प्रकरणात फेटाळला आहे. शेतकरी घेतलेलं सगळं बियाणं पेरणारच, हे न्यायालयानं मान्य केलं.

तडजोड आणि पैसे

आयोग मध्यस्थीला पाठवू शकतो, दोघांची लेखी संमती असेल तर. आमचं तिथंच मिटलं. व्यापारी आधी निम्म्यावर आला. आमच्यातले काही जण तयारही झाले होते. पण डेअरीच्या काट्याचे फोटो टेबलावर ठेवले तेव्हा तो पूर्ण किमतीवर आला, व्याज मात्र आम्ही सोडलं. तडजोड करायची तर आयोगासमोर लिहून घ्या, बाहेर हातमिळवणी करून तक्रार मागं घेऊ नका.

निकाल लागला आणि समोरचा वरच्या आयोगात गेला, तर त्याला ४५ दिवसांत अपील करावं लागतं आणि ठरलेल्या रकमेच्या निम्मे पैसे आधी भरावे लागतात. आदेश पाळलाच नाही तर त्याच जिल्हा आयोगात अंमलबजावणीचा अर्ज करा. कलम ७२ मध्ये एक महिना ते तीन वर्षं कैद, किंवा २५,००० ते १ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही आहेत.

पैसे एका माणसाच्या खात्यात घेऊ नका. तीन जणांच्या सहीनं चालणारं खातं आधी उघडून ठेवा आणि त्यातून यादीतल्या नावांना धनादेशानं किंवा थेट खात्यावर द्या. माल परत देताना प्रत्येक नगाच्या कोपऱ्यावर रंगानं क्रमांक घाला आणि "४३ नग परत मिळाले" अशी व्यापाऱ्याची सही घेऊनच टेम्पोत चढवा. आमच्याकडं हे काम त्याच काकूंनी केलं, ज्यांची गंजी कुजली होती. लाल रंगाचा डबा घेऊन त्या सकाळी आठला बसल्या आणि त्रेचाळिसावा आकडा घालेपर्यंत उठल्या नाहीत.